प्रतिध्वनी: ज्ञान की कर्म?

पाण्यात ध्वनीचा स्पंद सोडायचा, तो एखाद्या वस्तूवर आदळून परत यायला किती वेळ लागला हे मोजायचे आणि त्यावरून त्या वस्तूचे अंतर, आकार व हालचाल ठरवायची, या तंत्राला सोनार म्हणतात. गढूळ पाण्यात प्रकाश काही हातांच्या पलीकडे पोचत नाही. ध्वनी मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. सोनारचे प्रकार दोन. सक्रिय सोनार स्वतः आवाज सोडून उत्तराची वाट पाहते. निष्क्रिय सोनार केवळ ऐकते. डॉल्फिन, दात असलेले देवमासे आणि बहुतेक वटवाघळे यांना पहिली रीत जन्मजात अवगत असते.

या तंत्रातून तत्त्वज्ञानाचे दोन प्रश्न निघतात. प्रतिध्वनीतून कळते ते प्रत्यक्ष ज्ञान की अनुमान, हा पहिला. प्रतिध्वनी मिळवायचा तर आधी आवाज करावाच लागतो. मग असे ज्ञान हे निव्वळ ज्ञान उरते की ते कर्मही ठरते, हा दुसरा. भारतीय दर्शनांनी इंद्रिये, शब्द आणि ज्ञान यांचा जो कीस काढला आहे, त्यात या दोन्ही प्रश्नांची सामग्री आहे. त्या चर्चेचे काही धागे गोदावरीकाठच्या पैठण-नांदेडपर्यंत आणि माहूरच्या डोंगरापर्यंत येतात.

यंत्र आधी, ओळख नंतर

सोनार डॉल्फिनकडून उचलले, असे सरसकट म्हटले जाते. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे. १८२६ मध्ये कोलाडोन आणि स्टुर्म यांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून ध्वनीचा वेग सेकंदाला १,४३५ मीटर भरतो असे दाखवले. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या लुईस रिचर्डसन यांनी प्रतिध्वनीने हिमनग ओळखण्याच्या कल्पनेचे पेटंट मागितले. १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन यांच्या यंत्राने हिमनगाचा प्रतिध्वनी टिपला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकांचा वापर करून पाणबुड्या हुडकणारे यंत्र उभे केले. डॉल्फिनला हीच विद्या येते, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते.

वटवाघळांचे गुपित डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बोस यांनी १९४० च्या आसपास उलगडले. १९४७ मध्ये फ्लोरिडाच्या आर्थर मॅकब्राइड यांच्या लक्षात आले, की रात्रीच्या गढूळ पाण्यातही डॉल्फिन बारीक विणीचे जाळे चुकवतात. १९६० च्या सुमारास केनेथ नॉरिस यांनी एका डॉल्फिनच्या डोळ्यांवर रबरी झाकणे बसवली. ती तरीही अडथळ्यांमधून बिनचूक पोहत राहिली. माणसाने यंत्र बनवले म्हणून त्याला प्राण्याची विद्या ओळखता आली.

अनुकरण आले ते त्यानंतर. डॉल्फिनच्या नाकपुडीखालच्या ओठांसारख्या अवयवांतून ‘टिक्’ असा आवाज निघतो. कपाळातला चरबीचा गोळा त्याला झोत देतो आणि परत आलेला ध्वनी खालच्या जबड्यातल्या चरबीतून अंतर्कर्णाला पोचतो. बाटलीनाक डॉल्फिनचा एक टिक् सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो. किनाऱ्यालगतच्या फेसाळ पाण्यात बुडबुड्यांचे प्रतिध्वनी माणसाच्या सोनारला गोंधळात टाकतात, डॉल्फिन मात्र तिथेही मासा पकडतात. यावरून सुचून साउदॅम्पटन विद्यापीठाच्या टिमथी लेटन यांच्या गटाने जोडस्पंदांचे सोनार तयार केले. त्यात दुसरा स्पंद पहिल्याच्या नेमका उलटा असतो. घन वस्तूचा प्रतिध्वनी त्याबरोबर उलटतो, बुडबुड्याच्या प्रतिध्वनीतला काही अंश उलटत नाही. दोन्ही उत्तरांची बेरीज-वजाबाकी केली की मासा आणि फेस वेगळे पडतात. डॉल्फिन हीच युक्ती करतात असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. अमेरिकेचे नौदल १९६० च्या सुमारापासून डॉल्फिनना शिकवून समुद्रतळातले सुरुंग शोधत आले आहे. २०१८ मध्ये त्या देशाच्या संरक्षण संशोधन संस्थेने, डार्पाने, आणखी पुढची योजना पुढे आणली: कोळंबीसारख्या जिवांचे नित्याचे आवाज आणि वागणे ऐकूनच पाणबुडीची चाहूल घ्यायची.

भारतात या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण गंगेतले आहे. २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर झालेल्या गांगेय डॉल्फिनच्या डोळ्यात भिंगच नसते. उजेड-अंधाराच्या पलीकडे तिला फारसे दिसत नाही आणि तिचा सारा संसार प्रतिध्वनीवर चालतो. मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात, पण नांदेडच्या या गंगेत डॉल्फिन नाहीत. इथले रोहू, कटला आणि शिंगटी प्रतिध्वनी सोडत नाहीत, ऐकतात मात्र चांगले. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी लहान हाडांच्या साखळीने अंतर्कर्णाला जोडलेली असते आणि पाण्यातला कंप त्या वाटेने कानापर्यंत येतो.

दत्तात्रेयांचे गुरू

प्राण्याकडून शिकण्याला भारतीय धर्मपरंपरेत मोठी प्रतिष्ठा आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते आणि दत्तात्रेयांचे मोठे क्षेत्र नांदेड जिल्ह्यातले माहूर आहे. याच स्कंधावर पैठणच्या एकनाथांनी आपली विस्तृत मराठी टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. त्यामुळे हे चोवीस गुरू मराठी कीर्तनात घरचेच झाले आहेत.

या यादीत ध्वनीशी थेट नाते असलेले गुरू तीन आहेत. हरिण पारध्याच्या गाण्याला भुलून जाळ्यात सापडते. बाण घडवणारा कारागीर कामात इतका बुडालेला असतो, की वाजतगाजत गेलेली राजाची मिरवणूकही त्याला ऐकू येत नाही. घरी पाहुणे आले असता साळी कांडणारी कुमारी कांकणांचा आवाज होऊ नये म्हणून ती एकेक करून कमी करते आणि हातात एकच ठेवते. एकाचा घात ऐकण्याने होतो, दुसरा न ऐकण्याने साधतो, तिसरी आवाज न करण्याने.

अवधूत या तिघांकडून कोणतीही करामत शिकत नाही. हरणासारखे तीक्ष्ण कान मिळवावेत किंवा बाण घडवावेत, असे त्याला वाटत नाही. तो त्यांच्याकडून संयम उचलतो. आधुनिक तंत्रविद्या प्राण्याची क्षमता घेते आणि तिथे थांबते. क्षमता घेण्यात गैर काही नाही, पण गुरू म्हणायचे तर क्षमतेबरोबर तिची मर्यादाही शिकावी लागते. डॉल्फिनला गुरू मानायचे की केवळ नमुना, हा भेद पुढच्या विचाराला उपयोगी पडतो.

नाथपंथाची एक कथाही इथे आठवते. शिवाने पार्वतीला सांगितलेला उपदेश पाण्यातल्या माशाच्या उदरातून मच्छिंद्रनाथांनी ऐकला, अशी ती कथा. बीड जिल्ह्यातल्या सावरगावी मच्छिंद्रनाथांचे स्थान आहे. पाण्याखाली ध्वनी पोचतो आणि तिथे ऐकणारा कोणी असतो, हे या कथेने गृहीतच धरले आहे.

इंद्रिय बाहेर जाते की विषय आत येतो?

इंद्रियाला विषयाचे ज्ञान होण्यासाठी दोघांची गाठ पडावी लागते का, हा दर्शनांमधला जुना वाद आहे. गाठ पडावी लागते असे मानणारे इंद्रियांना प्राप्यकारी म्हणतात, न मानणारे अप्राप्यकारी. न्यायदर्शनाच्या मते सर्व इंद्रिये प्राप्यकारी आहेत. डोळा तेजाचा बनलेला असून त्याचे किरण बाहेर पडतात आणि वस्तूला भिडतात. कान मात्र जागचा हलत नाही. ध्वनीच लाटेमागून लाट उठावी तसा एकातून दुसरा निर्माण होत कानाच्या पोकळीपर्यंत येतो. बौद्ध आचार्यांनी डोळा, कान आणि मन या तिघांना अप्राप्यकारी ठरवले. जैनांनी ही सवलत फक्त डोळ्याला आणि मनाला दिली. ध्वनी त्यांच्या मते पुद्गल, म्हणजे जड द्रव्याचाच एक पर्याय असल्यामुळे तो येऊन कानावर आदळतो. अद्वैताचा अभ्यास ज्या ग्रंथापासून सुरू करण्याची प्रथा आहे, त्या ‘वेदान्तपरिभाषे’त धर्मराजाध्वरींद्र याहून धाडसी भूमिका घेतात: डोळ्याप्रमाणे कानही नगाऱ्यापर्यंत जातो, म्हणून तर आवाज अमुक ठिकाणाहून आला असे कळते. तळ्याचे पाणी पाटातून शेतात जाते आणि वाफ्याचा आकार घेते, तसे अंतःकरण इंद्रियाच्या वाटेने विषयाकडे जाऊन त्याचा आकार घेते, असा त्यांचा दृष्टांत आहे.

शब्दाविषयीच्या या चर्चेत मराठवाड्यातून काशीला गेलेल्या पंडितघराण्यांचा वाटा मोठा आहे. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीला स्थायिक झाले. त्यांच्या वंशात मीमांसेचे गाढे पंडित निपजले. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्यांपैकीच. मीमांसेचा पक्ष असा, की वर्णात्मक शब्द नित्य आहे आणि हवेतला ध्वनी त्याला केवळ प्रकट करतो. व्याकरणात नाव मिळवलेल्या शेष घराण्याचे मूळ परंपरा नांदेडशी जोडते. त्या घराण्यातले शेष कृष्ण हे वैयाकरण भट्टोजी दीक्षितांचे गुरू. स्फोटावर, म्हणजे ध्वनीमागच्या अखंड अर्थवाहक शब्दतत्त्वावर, शेष कृष्णांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

आजच्या भौतिकीने डोळ्यातून किरण निघण्याचा न्यायाचा सिद्धांत खोटा ठरवला आहे. डोळा प्रकाश घेतो, सोडत नाही. पण नैयायिकांनी डोळ्याविषयी जे सांगितले, ते डॉल्फिनच्या कानाविषयी जवळजवळ खरे आहे. तिच्या देहातून ध्वनी बाहेर पडतो, विषयाला भिडतो आणि त्याची खबर घेऊन परत येतो. कान विषयापर्यंत जातो हा वेदान्तपरिभाषेचा दावा माणसाला लागू पडत नाही, पण इथे निम्मा तरी लागू पडतो. सृष्टीत अशी इंद्रिये आहेत हे त्या आचार्यांना ठाऊक नव्हते. इंद्रिय असेही असू शकते, हे त्यांनी तर्काने मांडून ठेवले होते.

प्रत्यक्ष की अनुमान?

न्यायसूत्रांच्या व्याख्येनुसार प्रत्यक्ष म्हणजे इंद्रिय आणि विषय यांच्या सन्निकर्षातून झालेले, शब्दात न बांधलेले, न चुकणारे आणि निश्चित ज्ञान. अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या शेषवत् अनुमानात कार्यावरून कारण ओळखायचे असते. त्याचे ठरलेले उदाहरण नदीचे आहे: नदी फुगली, पाण्याचा रंग आणि ओढ बदलली, म्हणजे वरच्या अंगाला पाऊस झाला. नांदेडच्या घाटावर उभ्या असलेल्या माणसाला हे उदाहरण समजावून सांगावे लागत नाही.

माणसाच्या सोनारमध्ये काय घडते ते धरणाच्या जलाशयात नीट पाहता येते. नांदेडजवळ असर्जनला गोदावरीवर विष्णुपुरीचा जलाशय आहे. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण धनेगावला आहे. अशा जलाशयात गाळ किती साचला हे मोजण्यासाठी होडीच्या कडेला दांड्यावर ध्वनिप्रक्षेपक बांधतात आणि तो पाण्यात बुडवतात. मोजणीआधी त्याच्याखाली साखळीने लोखंडी पत्रा ठराविक खोलीपर्यंत सोडतात आणि यंत्र तीच खोली दाखवते का ते तपासतात. दाखवत नसेल तर ध्वनीचा वेग जुळवून घेतात. पाणी एक अंशाने तापले की हा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटरने वाढतो, म्हणून सकाळची जुळवणी दुपारी चालेलच असे नाही. मग होडी आखलेल्या रेषांवरून फिरते. तळ १५ मीटरवर असेल तर स्पंद जाऊन यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. या वेळेला वेगाने गुणायचे आणि निम्मे करायचे, की खोली मिळते. हे सरळसरळ अनुमान आहे. पडद्यावर उमटणारी रेषा म्हणजे हिशोबाचे उत्तर. तळ कोणी पाहिलेला नसतो.

काळ्या मातीच्या प्रदेशात या हिशोबाला आणखी एक गाठ बसते. २०० किलोहर्ट्झचा स्पंद मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो. ३० किलोहर्ट्झच्या आसपासचा स्पंद त्या गाळात शिरून खालच्या घट्ट थरावरून येतो. पडद्यावर दोन तळ दिसतात. खरा तळ कोणता? नांगर टाकणाऱ्याला खालचा, पाण्याचा साठा मोजणाऱ्याला वरचा. जैनांचा अनेकांतवाद नेमके हेच सांगतो: वस्तूला अनेक धर्म असतात आणि कोणत्या नयाने, म्हणजे कोणत्या दृष्टीने विचारले त्यावर उत्तर ठरते. दोन्ही रेषा खऱ्या आहेत. एकच खरी असा हट्ट तेवढा खोटा. हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. २०१६ मध्ये मांजरा कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. धरणात कागदावर किती पाणी मावते आणि गाळ वजा जाता किती, या दोन आकड्यांमधले अंतर अशा वेळी माणसांना भोगावे लागते.

डॉल्फिनचे मात्र असे नसावे. ती वेळ मोजून वेगाने गुणत बसत नाही. तिच्या लेखी प्रतिध्वनी म्हणजेच मासा. सन्निकर्ष आहे, शब्द नाहीत, निश्चय आहे; न्यायाच्या कसोटीवर तिचे ज्ञान प्रत्यक्षात बसते. त्या प्रत्यक्षाची चव कशी असेल, हे माणसाला कळण्याचा मार्ग दिसत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७४ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात वटवाघळाच्या निमित्ताने हाच मुद्दा मांडला: वटवाघळाच्या मेंदूची सगळी माहिती मिळाली, तरी वटवाघूळ असणे कसे वाटते ते कळत नाही. सोनार प्राण्याच्या विद्येची नक्कल करते, त्याच्या अनुभवाची नाही. जे प्राण्याला प्रत्यक्ष, ते यंत्रामागच्या माणसाला अनुमान.

वस्तूच्या हाती आणि पुरुषाच्या हाती

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात ज्ञान आणि कर्म यांच्यात एक रेघ ओढली आहे. ज्ञान वस्तुतंत्र असते, म्हणजे वस्तू जशी असेल तसे ते होते. माणसाच्या इच्छेने बदलत नाही. कर्म पुरुषतंत्र असते; करावे, न करावे किंवा वेगळ्या रीतीने करावे, हे माणसाच्या हाती असते.

सक्रिय सोनार या रेघेवरच उभे आहे. परत येणारा प्रतिध्वनी वस्तुतंत्र आहे. तळ जिथे असेल तिथूनच तो येणार. पण तो यावा म्हणून सोडलेला स्पंद पुरुषतंत्र आहे. तो किती मोठा असावा, कोणत्या पट्टीत असावा, कुठे आणि केव्हा सोडावा, हे माणूस ठरवतो. डोळ्याने पाहताना सूर्याचा प्रकाश आयता मिळतो, त्यामुळे पाहणे हे कर्म आहे असे सहसा वाटत नाही. प्रतिध्वनीत तशी सोय नाही. इथे प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर नाही, आणि विचारलेला प्रश्न सगळ्यांना ऐकू जातो.

त्याचे परिणाम समुद्रात दिसले आहेत. मार्च २००० मध्ये बहामा बेटांजवळ अमेरिकी नौदलाच्या सरावाच्या वेळी सतराच्या आसपास देवमासे व तत्सम जलचर किनाऱ्याला लागले, त्यांतले काही मेले. नौदलाच्या मध्यम पट्टीतल्या सोनारशी या घटनेचा संबंध असल्याचे पुढे सरकारी अहवालानेच मान्य केले. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांवर चोचीचे देवमासे असेच किनाऱ्याला लागले आणि २००४ मध्ये स्पेनने त्या बेटांभोवती अशा सोनारवर बंदी घातली. अमेरिकेत मात्र २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नौदलाच्या सरावाच्या बाजूने कौल दिला. पाणबुडी न सापडल्याने मरणारी माणसे आणि सोनारने बिथरून मरणारे देवमासे, असा हा पेच होता.

जैन विचारात जिवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवर होते आणि कान असलेले जीव पंचेंद्रिय, म्हणजे वरच्या श्रेणीतले. त्यांची हिंसा अधिक दोषाची. ज्या इंद्रियामुळे जीव वरचा ठरतो, त्याच इंद्रियावाटे हा घाव बसतो. ‘लीळाचरित्रा’तली एक लीळाही इथे लागू पडते. पारध्यांच्या पुढे पळणारा ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली आसरा घेतो, पारधी तो मागतात आणि स्वामी शरण आलेला जीव देत नाहीत. तिथे सशाला आसऱ्याला जागा होती. ध्वनी सगळीकडून येतो तेव्हा पाण्यातल्या जिवाला मांडीखाली शिरायलाही जागा नसते.

म्हणून सगळे सोनार हिंसक ठरत नाही. जलाशयातले २०० किलोहर्ट्झचे यंत्र रोहू-कटल्याला ऐकूही जात नाही. त्यांचे ऐकणे काही किलोहर्ट्झपाशी संपते. ते कमी ताकदीचे असते आणि त्याचा आवाज लवकर विरतो. दोष यंत्राच्या जातीत नाही. आवाज किती, कोणापर्यंत आणि कशासाठी, यावर तो ठरतो. हाच पुरुषतंत्राचा अर्थ आहे.

ऐकण्याची वाट

दुसरी वाट निष्क्रिय सोनारची, केवळ ऐकण्याची. नांदेडला ऐकण्याच्या या धर्माचे मोठे पीठ आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथेच देह ठेवण्यापूर्वी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. तेव्हापासून शिखांचा गुरू शब्दरूप आहे. जपजी साहिबात श्रवणाचा महिमा सांगणारी चार पदे लागोपाठ येतात. श्रवण, मनन आणि निदिध्यासन या वेदान्ताच्या क्रमातही पहिली पायरी श्रवणाचीच आहे.

विज्ञानातही ही वाट कमी प्रतीची नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपानंतर लातूरकरांना जमिनीखालची गुरगुर म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. भूकंपमापक जमिनीला काही विचारत नाही, तिचे फक्त ऐकतो. पाणबुडीवरचे लोकही शक्यतो ऐकतच राहतात, कारण स्पंद सोडला की स्वतःची जागा कळते. ऐकण्याच्या मर्यादाही उघड आहेत. धरणातला गाळ स्वतःहून बोलत नाही. त्याला विचारावेच लागते.

विचारायचे कसे, हे डॉल्फिनच दाखवते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिटलो ऑ आणि केली बेनवा-बर्ड यांच्या संशोधनानुसार सावजाजवळ जाताना डॉल्फिन आपल्या टिक्‌चा जोर कमी करत नेते. गांगेय डॉल्फिनचे टिक् समुद्रातल्या तिच्या नातेवाइकांपेक्षा सौम्य असल्याचेही आढळले आहे. नदीच्या अरुंद, अडथळ्यांच्या पात्रात फार लांबची खबर तिला लागत नाही. हे तिचे पुण्य नव्हे, तिच्या देहाची रीत आहे. अवधूताचे गुरूही पुण्यवान होते म्हणून गुरू झाले नाहीत. शिकणाऱ्याने त्यांच्याकडून काय घेतले, त्याने ते गुरू झाले.

तेव्हा प्रतिध्वनीने मिळालेले उत्तर हे ज्ञान आहे, आणि त्यासाठी सोडलेला आवाज हे कर्म आहे. उत्तराचा खरेखोटेपणा वस्तूवर सोपवता येतो, आवाजाची जबाबदारी कोणावर सोपवता येत नाही. गरज असेल तेव्हाच, गरजेपुरत्याच आवाजात आणि ऐकणारे कोण आहेत ते पाहून विचारावे, एवढा नियम पाळला तर सोनार हे डॉल्फिनचे खरे शिष्यत्व ठरेल. एरवी ती केवळ नक्कल.